दहा हजारांचं ओझं

आमच्या चर्चचं छप्पर तीन पावसाळे गळत होतं. पहिल्या पावसाळ्यात पंचकमिटीने ठराव केला, की या बाबतीत प्रार्थना करावी. दुसऱ्या पावसाळ्यात ठराव झाला, की अधिक कळकळीने प्रार्थना करावी. तिसऱ्या पावसाळ्यात पाणी नेमकं खजिनदारांच्या बाकावर, आणि तिथेही नेमकं त्यांच्या टकलावर पडू लागलं, तेव्हा आठ दिवसांत नवे पत्रे आले. प्रार्थनेला उत्तर मिळतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त ते कुणाच्या तरी डोक्यावर पडावं लागतं.

मी जन्माने ख्रिस्ती, शिक्षणाने बी.कॉम. आणि पोटासाठी बँकेत कारकून. त्यामुळे देवाचं आणि पैशाचं काय काय जमतं आणि काय काय जमत नाही, याचा थोडाफार अनुभव मला आहे. 'प्रभू बघेल' हे वाक्य तर आमच्याकडे पिढीजात आहे. म्हणजे, आहे ते त्याचं सुधारलेलं रूप. आमचे आजोबा मिशनच्या आवारात वाढले. घरावरचं कौल फुटलं की ते म्हणत, "साहेब बघतील." साहेब म्हणजे गोरा मिशनरी. पुढे साहेब बोटीत बसून आपल्या देशाला गेले. मग वडील म्हणायला लागले, "मिशन बघेल." मिशनचेही पैसे आटले, तेव्हा आमच्या पिढीने "प्रभू बघेल" सुरू केलं. तीन पिढ्यांत बघणाऱ्याला दोनदा बढती मिळाली. कौल मात्र फुटकं ते फुटकंच.

आणि गंमत अशी, की हे असं होऊ नये म्हणून सुरुवातीलाच बजावून ठेवलेलं होतं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले, १८३१ साली त्यांनी नगरला (आताच्या अहिल्यानगरला) ठाणं मांडलं. त्यांच्या बोस्टनच्या मुख्य कचेरीचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ साली इकडे पाहणीला आले. हेड ऑफिसचा माणूस पाहणीला आला की शाखेत काय काय होतं, हे मला कुणी सांगायला नको. अँडरसनसाहेबांचं म्हणणं थोडक्यात असं, की इथल्या मंडळीने आपला कारभार आपण बघावा, आपला खर्च आपण भागवावा आणि आपला प्रसार आपण करावा. यातलं कारभाराचं कलम आमच्या लोकांनी ताबडतोब अंमलात आणलं. पंचकमिटीच्या निवडणुकीची चुरस बघाल तर ग्रामपंचायत विसराल. खर्चाचं कलम मात्र विचाराधीन आहे. दानार्पणाची थैली जवळ येऊ लागली की आमच्या बाकावरच्या सगळ्यांना एकदम डोळे मिटून प्रार्थना करण्याची प्रेरणा होते.

आता तुम्ही म्हणाल, की ख्रिस्ती माणसाने सगळं देवावर सोपवायचं नाही तर काय करायचं? लहानपणी मलाही हा प्रश्न पडायचा. त्यावर शब्बाथशाळेच्या बाईंनी मला एक वचन पाठ करायला दिलं होतं: जो स्वतःला मदत करतो त्यालाच देव मदत करतो. ते मी नाताळच्या कार्यक्रमात खणखणीत आवाजात म्हटलं आणि बक्षीस म्हणून पेन्सिल मिळवली. पुढे कधी तरी मी ते बायबलमध्ये शोधायला बसलो, तर ते बायबलमध्ये नाहीच! बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ सालच्या आपल्या पंचांगात ते छापलं होतं, आणि त्याचंही ते स्वतःचं नव्हे. मूळ भानगड थेट इसापाच्या त्या गाडीवानापर्यंत जाते, ज्याचं चाक चिखलात रुतलं होतं आणि जो चाकाला खांदा लावायचा सोडून देवाचा धावा करत बसला होता. म्हणजे पेन्सिल मी खोट्या कागदपत्रांवर उचलली होती.

बायबलमध्ये जे आहे ते इतकं सरळ नाही. पौलाने गलतीकरांना पत्र लिहिलं, त्याचा सहावा अध्याय काढा. दुसऱ्या वचनात तो सांगतो, की एकमेकांची ओझी उचलत जा. आणि तीन वचनं खाली उतरलात, की तोच गृहस्थ म्हणतो, ज्याचा भार त्याने वाहावा. शाई वाळायच्या आत! आमच्या बँकेत असं परिपत्रक आलं असतं तर आम्ही तिसरं परिपत्रक मागवलं असतं. (अशी परिपत्रकं येतात. तिसरंही येतं. त्यात पहिली दोन काळजीपूर्वक वाचावीत असं लिहिलेलं असतं.)

या दोन वचनांच्या मध्ये मी एकदा चांगलाच सापडलो, त्याचीच ही हकीकत.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या, हे तुम्हांला आठवतच असेल. तुम्ही रांगेत होता, मी काचेच्या आत होतो, एवढाच फरक. १० तारखेला बँका उघडल्या, आणि मग दुसरा शनिवार नाही की रविवार नाही. रविवारी, १३ तारखेला, मी सकाळी नऊला काउंटरवर बसलो. आयुष्यात उपासना चुकवून नोटा मोजायची ती पहिलीच वेळ. पण अपराधी वाटायला फुरसत मिळाली नाही, कारण दहाच्या सुमारास बघतो तर पाळकसाहेबांसकट निम्मी मंडळी माझ्याच काउंटरपुढे रांगेत. त्या दिवशी चर्चपेक्षा बँकेत उपस्थिती चांगली होती. शिवाय सगळे जागे होते.

जुन्या नोटा चार हजारांपर्यंत बदलून मिळत होत्या आणि खात्यातून दिवसाला दहा हजार काढता येत होते. साहजिकच जो तो दहा हजारच काढत होता. ज्याला दोन हजारांची गरज होती तोही दहा काढत होता. उद्याचा भरवसा नव्हता. त्यातून आपला माणूस बँकेत असल्याचा अभिमान आमच्या मंडळीला त्या आठवड्यात अचानक वाटायला लागला होता. "सलाम, सलाम! आज उपासनेला नाही का?" असं जो तो काचेतून विचारी, आणि मीही प्रत्येकाला कर्तव्य म्हणजेच उपासना कशी, हे ऐकवत होतो. हात मोजत होते, तोंड प्रवचन करत होतं.

संध्याकाळी कॅश जुळवली. दहा हजार कमी.

पुन्हा मोजली. दहा हजार कमी. हेडकॅशियरने मोजली, मशीनने मोजली, शाखाधिकाऱ्यांनी चष्मा पुसून मोजली. दहा हजारच कमी. बँकेत न आलेल्यांसाठी सांगतो, की कॅश जास्त भरली तर ती बँकेची आणि कमी भरली तर ती कॅशियरची, असा आमच्यात शिरस्ता आहे. त्यासाठी भत्ता मिळतो. कमी पडलेले पैसे कॅशियरने त्याच दिवशी भरायचे आणि घरी जाऊन काय सांगायचं याचा विचार करत एसटी पकडायची.

दहा हजार काढलेल्यांच्या स्लिपा निघाल्या. फोन झाले. जो तो म्हणाला, "छे हो, बरोबर होते." कॅमेऱ्यात नुसती डोकी दिसत होती. मी माझ्या खात्यातून दहा हजार भरले आणि बाहेर पडलो.

त्या रात्री मी कुणाकुणाला दोष दिला याची यादी करायची म्हटली तर रजिस्टर लागेल. आधी सरकार. मग रिझर्व्ह बँक. मग नव्या नोटा छापणारे, कारण त्या नोटा कोऱ्या असल्यामुळे एकीला एक चिकटत. मग "सलाम, सलाम" करणारी मंडळी. शेवटी, पहाटे दोनच्या सुमारास, मी देवाकडेही वळलो. रविवारी मला कामाला बसवलं कुणी? शब्बाथ मोडल्याची शिक्षा म्हणावी, तर तो मी होऊन मोडलेला नव्हता. आणि मग, तीन वाजता असेल, काही कारण नसताना माझा उजवा हात पांघरुणावर नोटा मोजायला लागला. दहा हजार. एक, दोन, तीन... दहा.

मी उठून बसलो. इतकी वर्षं दहा हजार म्हणजे हजाराच्या दहा नोटा. हाताला तीच सवय. आता समोर होत्या दोन हजारांच्या. दहा हजारांना पाचच. प्रवचनाच्या भरात हाताने कधी तरी जुनाच हिशेब केला होता आणि कुणाच्या तरी हातावर पाचाऐवजी दहा गुलाबी नोटा ठेवल्या होत्या. सरकारने नाही, रिझर्व्ह बँकेने नाही. मी.

शोध लागल्यावर मला रडू यावं की नाही? उलट बरं वाटलं. इतकं बरं, की सकाळपर्यंत त्या बरं वाटण्याचा मला गर्व चढला. चूक माझी, भरपाई माझी, कुणाचं देणं नाही. आपण पाचव्या वचनाप्रमाणे वागलो! मला पौल आपला वाटायला लागला. हा माणूस करिंथला अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहून तंबू बनवण्याचं काम करत असे आणि शब्बाथ आला की सभास्थानात उपदेश करी. थेस्सलनीकेतल्या काही जणांनी प्रभू आता येणारच म्हणून कामधंदा सोडला होता. त्यांना याने ठणकावलं, की ज्याला काम नको त्याला जेवणही नको. स्वतःच्या हाताने कमावणारा, कुणाचं मिंधेपण नसणारा असा तो, आणि त्याच रांगेत जरा मागे उभा असलेला मी.

पंडिता रमाबाईंचीही आठवण झाली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो बायकामुली केडगावला आणल्या. रमाबाई प्रार्थना करणाऱ्या होत्या, देव देईल असं म्हणणाऱ्या होत्या. पण मुक्तीमिशनमध्ये शेती होती, विहिरी होत्या, माग होते, छापखाना होता आणि ती कामं त्याच बायका शिकत आणि करत. आमच्या 'प्रभू बघेल' पेक्षा हे 'प्रभू बघेल' वेगळं आहे, हे कुणालाही कळेल. मी अर्थात स्वतःला रमाबाईंच्या बाजूला धरत होतो.

घरात मात्र माझं पौलपण चाललं नाही. "अहो, दहा हजार भरलेत ते कुठले?" सौभाग्यवतींनी विचारलं. नाताळचे कपडे आणि धाकटीच्या क्लासची फी, असं ते खातं होतं. मी गलतीकरांस सहावा अध्याय सांगायला सुरुवात केली. "ओझं तुम्ही उचललंत," ती म्हणाली, "पण खांदा माझा वापरलात." यावर पौलाने काही लिहिलेलं नाही, तो अविवाहित होता. या बाबतीत जाणकार म्हणाल तर लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड टिळक हातात आलेला पैसा गरजवंताला देऊन मोकळे होत, १९१७ साली तर मिशनची नोकरीही सोडून 'देवाचा दरबार' काढायला निघाले. थोर माणूस. पण त्यांच्या देवावरच्या भरवशाचा रोजचा जमाखर्च कुणाला जुळवावा लागे, ते 'स्मृतिचित्रे' वाचलेल्याला सांगायला नको. सौभाग्यवतींनी ते पुस्तक दोनदा वाचलेलं आहे.

चौथ्या दिवशी बँकेत जेवणाच्या सुट्टीत हेडकॅशियरने माझ्यापुढे एक पाकीट ठेवलं. सगळ्या स्टाफने वर्गणी काढली होती. चार हजार सहाशे. वरती कागदावर नावं आणि आकडे. मला गहिवरून यायला हवं होतं. पण माझ्यातला पौल ताठ झाला. मी म्हटलं, "चूक माझी आहे. मी भरले. हे मला घेता येणार नाही." आणि पाकीट परत सरकवलं. वाक्य छान जमलं होतं. कुणी तरी टाळ्या वाजवतील अशीही अपेक्षा होती. सगळे गप्प बसले आणि डबे उघडू लागले.

सुट्टी संपल्यावर शिपाईमामा माझ्या काउंटरशी आले. यादीत त्यांचे दोनशे होते. त्या दिवसांत शंभराची नोट म्हणजे काय चीज होती ते आठवा. दोन हजारांची नोट खिशात घेऊन माणसं चहाला महाग झाली होती. मामांनी शंभराच्या दोन नोटा दिल्या होत्या.

"सायेब," ते म्हणाले, "माझ्या पोरीच्या आपरेशनाला तुमी हजार दिलं व्हतं. ध्यानात हाय?"

"त्याचं काय आता मामा?"

"म्या घेतलं व्हतं. तवा म्या काय भिकारी झालो व्हतो काय?"

मी काही तरी बोललो असेन. काय ते आठवत नाही. मामा गेले आणि स्टॅम्प-पॅडला शाई घालायला लागले. नेहमीपेक्षा जरा जास्तच घातली.

त्या रविवारी उपासना झाल्यावर मी पाळकसाहेबांना गाठलं आणि पौल हा इतका विसंगत का, असं रागानेच विचारलं. पाळकसाहेब शांत गृहस्थ आहेत. छप्पर गळत होतं तेव्हाही त्यांनी व्यासपीठ फक्त दोन फूट सरकवलं होतं. ते म्हणाले, की मूळ ग्रीकमध्ये शब्दच दोन निरनिराळे आहेत. दुसऱ्या वचनातला 'बारोस', म्हणजे माणूस दबून जाईल असं वजन. पाचव्या वचनातला 'फोर्तियोन', म्हणजे ज्याची त्याची पाठीवरची शिदोरी म्हणा, बोचकं म्हणा.

"मग माझे दहा हजार यातले कशात धरायचे?" मी व्हाउचर पुढे करावं तसं विचारलं.

"चूक तुमची की आणखी कुणाची?"

"माझीच."

"ती वाटून घेता येईल कुणाला?"

"नाही."

"आणि दहा हजार?"

मी गप्प बसलो. बी.कॉम.ला पार्टनरशिपच्या हिशेबात मला चांगले मार्क होते, पण ही फोड मला तोवर सुचली नव्हती. चूक अविभाज्य आहे, रक्कम नाही. मी उलट केलं होतं. चूक आधी सरकारपासून देवापर्यंत सगळ्यांना वाटली, आणि रक्कम एकट्याने धरून बसलो.

"आणि तुमच्या त्या तंबूवाल्याचं म्हणाल," पाळकसाहेब जाता जाता म्हणाले, "तर फिलिप्पैच्या मंडळीकडून त्याला मदत येत होती. थेस्सलनीकेत असतानासुद्धा आली. त्याने परत पाठवल्याचं काही ऐकलं नाही." घरी येऊन मी ते पत्र काढून बघितलं. पौल त्यात देण्याचा आणि घेण्याचा हिशेब असं चक्क खतावणीतलं बोलतो. आमच्याच धंद्यातला शब्द, आणि माझ्या नजरेतून निसटला होता.

सोमवारी मी हेडकॅशियरकडे गेलो आणि पाकीट मागितलं. दिलेलं दान परत करणं सोपं असतं. परत केलेलं दान पुन्हा मागायला जो कस लागतो, तो मी शत्रूलाही सांगणार नाही. त्यांनी ड्रॉवर उघडला, पाकीट तसंच होतं. "आम्हांला माहीत होतं," एवढंच म्हणाले. चार हजार सहाशे सौभाग्यवतींच्या हातात दिले आणि यादी माझ्या पाकिटात ठेवली. त्यानंतर स्टाफमध्ये कुणाला कधी गरज लागली, तर मी आधी ती यादी काढून बघतो. म्हणजे फेडण्यासाठी नव्हे. मामांना हे मी एकदा सांगितलं, तर ते म्हणाले, "मंग कशापायी बघता?" त्याचं उत्तर अजून तयार नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. ज्याच्या हातात त्या जादा पाच नोटा गेल्या, त्याचं ओझं मला अजून उचलता आलेलं नाही. तो आमच्या मंडळीतलाच असावा असा माझा पुष्कळ दिवस संशय होता. त्या नाताळात चर्चमध्ये ज्याच्या ज्याच्या अंगावर नवा कोट दिसला, त्याला त्याला मी मनातल्या मनात पाच नोटा लावून बघितल्या. एकाच्या घरी फ्रीज आला, तेव्हा तर मी अभिनंदन करायला म्हणून जाऊन किंमत विचारून आलो. हप्त्याने घेतला होता. कुणीही असो, त्याने पाचाऐवजी दहा मोजल्या असतील, तर त्याचा त्याचा फोर्तियोन त्याच्या पाठीवर आहेच, आणि तो माझ्या काउंटरवर भरून घेता येत नाही. आता तर दोन हजारांच्या त्या नोटाही २०२३ साली चलनातून मागे घेतल्या. कुठे असतील त्या पाच?

शिपाईमामा निवृत्त झाले. पेन्शन काढायला दर महिन्याला माझ्याच काउंटरवर येतात. एटीएम वापरा म्हटलं तर ऐकत नाहीत. मी नोटा मशीनवर मोजतो, मग हाताने मोजतो आणि काचेखालून सरकवतो. मामा त्या घेतात, बाजूला होत नाहीत, मागच्या रांगेकडे बघत नाहीत, बोटाला थुंकी लावतात आणि माझ्या डोळ्यांदेखत पहिल्या नोटेपासून सुरुवात करतात.

"मामा, मी दोनदा मोजल्यात."

"असू द्या सायेब," मामा म्हणतात, "माझं म्या मोजतो."